मानेकाकांचा विंचू

मानेकाका तुमच्या घरी आले, की जाताना स्वतःचे बूट उलटे करून दोनदा आपटतात. एवढ्यावर थांबले असते तर मी हे लिहायला बसले नसते. ते तुमचेही बूट आपटतात. तुम्ही निरोप द्यायला दारात उभे असता, आणि हा पन्नाशी उलटलेला, झुपकेदार मिशांचा माणूस उकिडवा बसून तुमच्या मुलीच्या शाळेच्या बुटात डोकावत असतो. विचारलं तर म्हणतात, "विंचू. बघितलेलं बरं असतं."

आता आम्ही राहतो सिंगापुरात, मरीन परेडला. इथे घाम आहे, दमट हवा आहे, कपाटातल्या रेशमी साड्यांवर बुरशी आहे. पण विंचू मी तरी इथे आल्यापासून पाहिला नव्हता. माझी मुलगी त्यांना तिच्या सिंगापुरी इंग्रजीत तोंडावर सांगायची, "अंकल, हिअर व्हेअर गॉट स्कॉर्पियन, लाह!" काका तिचा दुसरा बूट आपटायचे.

काका आमच्या काँडोत तळमजल्यावर राहतात, आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. तळमजल्याच्या फ्लॅटना मागे छोटंसं अंगण मिळतं. बाकीच्यांनी तिथे झोपाळे टांगले, कढीपत्ता लावला. काकांच्या अंगणात कुंडी नाही, वीट नाही, सुकलेलं पानसुद्धा नाही. "कुंडीखाली ओल, ओलीत किडे, किड्यांमागे विंचू," असं त्यांचं गणित. दिवा पिवळा, कारण पांढऱ्या दिव्यावर किडे येतात. दाराखाली ब्रशची पट्टी, पाइपाभोवती सिमेंट, आणि पलंगाचे पाय काचेच्या बरण्यांत, कारण काचेवर विंचवाला चढता येत नाही. "फट दिसली की बुजवायची," हे त्यांचं पालुपद. त्यांच्यासमोर माझ्या नवऱ्याने जांभई दिली तरी मला धाकधूक वाटायची.

हे सगळं शिक्षण ओमानच्या वाळवंटातलं. तिथल्या तेलाच्या कामावर काका सेफ्टी ऑफिसर होते. जवानी तिथेच गेली. मग कंपनीने त्यांना सिंगापूरला पाठवलं.

रोज दिवेलागणीला गमबूट आणि हाफपँट अशा वेशात काका अंगणात उतरायचे. हातात जांभळ्या उजेडाची बॅटरी. त्या उजेडात म्हणे विंचू हिरवा चमकतो. आमच्या सिक्युरिटी गार्डला वाटलं, म्हाताऱ्याची अंगठी हरवली आहे. बिचारा कितीतरी दिवस कुंपणाबाहेरच्या गवतात वाकून त्यांच्यासोबत शोधत होता. शेवटी त्याने विचारलं, "अंकल, गोल्ड ऑर डायमंड?" काकांनी खरं सांगितल्यावर तो जो सटकला, तो आजतागायत त्या बाजूला फिरकत नाही.

गणपतीला तर कहर. आत आमची आरती चाललेली, आणि काका बाहेर पॅसेजमध्ये सगळ्यांच्या चपला-बूट आपटत बसलेले. आरती संपवून लोक बाहेर आले तर सगळी पादत्राणं पालथी, रांगेत. वरच्या मजल्यावरच्या सुलभाताईंच्या नव्या सँडलची टाच मात्र वेगळी ठेवलेली होती. त्यांनी ते अजून विसरलेलं नाही.

मी न राहवून एकदा विचारलं, "काका, इतकी भीती आहे तर तळमजल्यावर कशाला घेतलंत? आमच्यासारखं वर राहायचं."

"मला कुठली भीती?" काका म्हणाले. "निर्मलाला वाटते ना. आणि अंगण हवं असंही तिनेच सांगितलं होतं. लग्न ठरलं तेव्हा."

निर्मला म्हणजे त्यांची बायको. ती फलटणला असते, एवढंच आम्हाला माहीत होतं. बाकीचं काकांनी त्या दिवशी सांगितलं. लग्नानंतर ती ओमानला गेली, दोन महिन्यांत कॅम्पच्या बाथरूममध्ये विंचू निघाला, आणि ती परत आली ती आलीच. मूलबाळ झालं नाही. काका वर्षाकाठी एकदा सुट्टीवर घरी जायचे. एवढाच त्यांचा संसार. "मोरीला जाळी नव्हती," काका म्हणाले. "मीच बघायला हवं होतं. तिची काही चूक नाही." मग एकदम उजळून म्हणाले, "आता इथे राहायचा पास झालाय तिचा. दिवाळीनंतर येतेय. राहायला."

त्या महिन्यात काकांनी अंगण इतक्या वेळा धुतलं, की आमच्या बाल्कनीत कायम फिनेलचा वास. मी त्यांना चिडवायची, पण मनातून वाटायचं, देवा, ही बाई एकदाची इथे राहू दे.

निर्मलाकाकू आल्या. उंच, मोकळ्या हसणाऱ्या, फलटणला शिवणाचा क्लास चालवणाऱ्या. चार दिवसांत माझी त्यांची गट्टी जमली. एका दुपारी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. सिंकमागून ही एवढी गोम निघाली. मी किंचाळून खुर्चीवर. काकूंनी शांतपणे चिमटा हातात घेतला, गोम उचलली आणि खाली झाडीत सोडून आल्या.

"काकू, आणि तुम्ही विंचवाला घाबरता?"

काकू हसल्या. "अगं, माझं माहेर माणदेशातलं. दगड उचलला की विंचू. लहानपणी आम्ही नांगीला दोरा बांधून फिरवायचो त्यांना."

"मग ओमानला काय झालं?"

त्या मेथीची पानं खुडत राहिल्या. "तिथे विंचू नव्हताच," म्हणाल्या. "तिथे वारा होता नुसता. हे पहाटे कामावर जायचे, रात्री येऊन जेवून झोपायचे. दिवसभर माणसाचं तोंड दिसायचं नाही. मला जीव नकोसा झाला. पण सासूबाईंना काय सांगणार? करमत नाही म्हणून नवऱ्याला सोडून आले? एक दिवस यांना म्हटलं, बाथरूममध्ये विंचू आहे. हे आत गेले. बराच वेळ आतच होते. बाहेर येऊन म्हणाले, मारला. मोठा होता. मग स्वतःच आईला फोन करून सांगितलं, इथे तिच्या जिवाला धोका आहे, मीच पाठवतोय तिला."

"म्हणजे काकांना ठाऊक होतं?"

"त्यावर आम्ही कधी बोललो नाही गं."

मिशांचा हा विक्षिप्त माणूस इतकी वर्षं नसलेल्या विंचवाविरुद्ध फौज उभी करून बसला होता. का, तर आपली बायको नांदली नाही असं कोणी म्हणू नये. जग हसलं तर आपल्याला हसू दे, तिला नको. आणि मी त्या हसणाऱ्यांत पहिल्या रांगेत होते.

"पण आता राहणार ना तुम्ही?" मी विचारलं.

"रोज ठरवते राहायचं," काकू म्हणाल्या. "सकाळी ते माझ्यासाठी चहा करतात आणि विचारतात, साखर किती घालू? मीही त्यांना विचारते, भाजी तिखट चालते का? माणूस सोन्यासारखा आहे गं. पण आमची ओळख व्हायची राहूनच गेली. आता या वयात नव्याने कुठून करायची? तिकडे माझ्या मुली आहेत क्लासच्या. तिथे मला श्वास घेता येतो." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुढची जुडी सोडली.

महिना सरायच्या आत काकूंचं तिकीट निघालं. जायच्या आदल्या दिवशी मी दोघांना जेवायला बोलावलं, सोबत आणखी दोन-तीन घरं. सुलभाताई होत्याच. पहिला घास घेतला न घेतला तोच त्यांनी विचारलं, "एवढ्यात परत? पास तर चांगला दोन वर्षांचा आहे म्हणे. काय, भांडणबिंडण झालं की काय?"

काकूंची मान खाली गेली.

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "काल आमच्या अंगणात विंचू निघाला," ते म्हणाले.

एकच हशा पिकला. "काका, तुमच्या अंगणात?" माझा नवरा म्हणाला. "तिथे तर मुंगीसुद्धा विचारून येते!"

"जाळीपाशी फट राहिली होती. माझीच चूक." काकांचा आवाज अगदी सरळ होता, ऑफिसात रिपोर्ट दिल्यासारखा. "अशा ठिकाणी तिला ठेवणं बरं नाही. मीच म्हटलं, तू जा."

एक फट राहू नये म्हणून या माणसाने कंबर मोडून घेतली होती. त्याने भरल्या पंगतीत, हसणाऱ्या लोकांसमोर, आपल्याच तोंडाने ती कबूल केली. काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मला दोघांकडे बघवेना, म्हणून मी आमटी ढवळत राहिले.

"काहीतरीच!" सुलभाताई म्हणाल्या. "सिंगापुरात म्हणे विंचू! कोणी पाहिला?"

"मी पाहिला," मी म्हणाले. "बाल्कनीतून. चांगला वीतभर होता."

हसणं थांबलं. काका माझ्याकडे बघत राहिले. मग ते घसा खाकरून म्हणाले, "वीतभर नव्हता. पण होता मोठा."