बांधणारे वेगळे, सोडणारे वेगळे

घरसामान हलवणाऱ्या कंपनीत तो बांधणीचा कारागीर होता, आणि या कामात आपला हात धरणारा कोणी नाही, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणूनच घरच्यांचं एक दिवस समुद्रावर जायचं ठरलं, तेव्हा त्याने जाहीर करून टाकलं, "सामानाला कोणी हात लावायचा नाही. सगळं मी बांधणार."

"चार तर डबे आहेत," बायको म्हणाली. "पिशवीत टाकते की."

"पिशवीत?" हे त्याने असं काही विचारलं की तिने काढलेली पिशवी परत खुंटीला अडकवली.

खरं म्हणजे सहल मजेसाठी नव्हतीच. आई गेल्यापासून बाबा बोलेनासे झाले होते. हो, नको, बघू, एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. संध्याकाळी खिडकीशी बसले की दिवा लावायचंही त्यांना सुचत नसे. पूर्वी आई सगळ्यांना त्या शांत किनाऱ्यावर न्यायची आणि निळ्या काठाच्या कपात बाबांना चहा द्यायची. त्याचा बेत साधा होता. तिथेच, त्याच कपात, बाबांच्या हातात चहा ठेवायचा. मग ते बोलतील. नाहीच बोलले तर पुढे काय, याचा त्याने बेतच केला नव्हता.

कप त्याने कोणाला न सांगता बांधला. आधी कागद, मग बुडबुड्यांचं प्लास्टिक, मग डब्यांच्या अगदी मधोमध. बाजूने थर्माकोल, वरून मेणकापड, आणि सगळ्या खोक्यावर चिकटपट्टी अशी की मुंगीनेसुद्धा माघारी जावं. शेवटी 'नाजूक' आणि 'ही बाजू वर' असे दोन शिक्के.

किनाऱ्यावर पोचले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. माडाच्या झावळ्या मरगळून लोंबत होत्या, शहाळ्यांची टपरी बंद होती. बाबा घडीच्या खुर्चीत बसची वाट बघत असल्यासारखे बसले.

"भूक लागली," मुलगी म्हणाली.

तो ऐटीत खोक्यापुढे बसला आणि बसूनच राहिला.

"सुरी कुठंय?" बायकोने विचारलं.

"आत."

"आणि कात्री?"

"सुरीबरोबर. नीट गुंडाळून."

त्यांच्या कंपनीत बांधणारे वेगळे आणि सोडणारे वेगळे. इतक्या वर्षांत त्याने खोकं उघडलंच नव्हतं! नखं झाली, गाडीची किल्ली झाली, शिंपला झाला. मग दगडाने ठोकायला म्हणून त्याने खोकं पाण्याजवळच्या घट्ट वाळूवर नेलं, आणि दगडही हरला तेव्हा त्याने दात लावले. नेमका तेवढ्यात किनाऱ्याचा रखवालदार आला.

"काय आहे आत?"

"जेवण."

"जेवण एवढं बांधतात? आणि नाजूक काय आहे त्यात?"

त्याने बाबांकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते इथे सांगता येणार नाही."

"मग चौकीवर सांगा," म्हणत रखवालदाराने त्याचं कोपर धरलं.

बायको समजवायला मागोमाग गेली, मुलगी तिच्यामागे. चौकीत त्याने कपाचं सगळं खरं सांगितलं आणि वर सुरी मागितली. खोकं चावणाऱ्या माणसाच्या हातात सुरी द्यायला रखवालदार काही तयार होईना. ही हुज्जत चालू असतानाच दारातून मुलगी ओरडली, "आपलं खोकं पोहतंय!"

सगळे धावत पाण्याकाठी आले. भरती आली होती. बाबा खुर्चीत समुद्राकडे बघत होते, पण बघूनही त्यांना काही दिसत नव्हतं. खोकं मात्र झोकात निघालं होतं, थेंबभर पाणी आत न घेता, 'ही बाजू वर' असलेली बाजू वर ठेवून. क्षणभर त्याची छाती फुगली. मग आत काय आहे ते आठवलं. त्याला पोहता येत नव्हतं.

"आईचा कप गेला," म्हणत तो वाळूत बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"कुठला कप?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबांनी विचारलं होतं.

"निळ्या काठाचा."

बाबा उठले. बुटांसकट पाण्यात शिरले, कमरेपर्यंत गेले आणि खोकं कवेत धरून परत आले. ते वाळूवर ठेवून त्यांनी चारी बाजूंनी चिकटपट्टी पाहिली.

"तुझी आई सुरी वर ठेवायची," ते म्हणाले.

परतताना गाडीत ते बोलतच राहिले. आई एका ओढीत सुटेल अशी गाठ मारायची. हा मात्र लहानपणी बुटांच्या नाड्यासुद्धा अशा बांधायचा की रोज कात्री लागायची. याला पहिल्यापासूनच सोडायचं कळत नाही. घाटभर त्याची एकेक चूक निघत होती आणि तो मान खाली घालून गाडी चालवत होता.

"बोलले ना?" बायको हळूच म्हणाली.

घरी आल्यावर ओल्या पँटनेच बाबांनी स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि खोकं कापलं. कपाला साधा चराही पडला नव्हता. त्यांनी तो कितीतरी वेळ दोन्ही हातांत धरला.

"आणि चहा?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी खोक्यात पाहिलं. मग ओट्याकडे. खोक्यात मावत नाही म्हणून त्याने सकाळी बाजूला ठेवलेला थर्मास तिथेच उभा होता.

"हेही ती विसरली नसती," बाबा म्हणाले. बाहीने डोळे पुसून त्यांनी कप पुढे केला. "ओत. निवला असला तरी ओत."