सदतीस लाखांचा सूट

रविवारी सकाळी साडेनऊला प्रशांत बिरादारच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला आणि त्याच्या हातातला मुगाच्या डोशाचा, पेसरट्टूचा, तुकडा चटणीत पडला. पडला तो पडलाच. नंतर कुणी उचलला नाही.

मेसेज वडिलांच्या खात्याचा होता. नामदेवरावांचं बेगम बाजारात मिरची-धण्याचं ठोक दुकान होतं. गेल्या वर्षी त्यांनी ते आवरलं, देणीघेणी मिटवून उरलेले बावीस लाख खात्यात टाकले, आणि लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून कुसुमताईंना घेऊन चार दिवसांपूर्वी व्हिएतनामच्या सहलीला गेले. खात्याला नंबर मात्र मुलाचा दिलेला होता. मेसेज वाचत बसणं हे नोकरदारांचं काम, असं त्यांचं मत होतं.

प्रशांतनं मेसेज पुन्हा वाचला. कार्डावरून ‘व्हीएनडी १८५००००’ खर्च झाले, असं इंग्रजीत लिहिलं होतं. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवून एकं, दहं, शतं केलं. बोट दशलक्षावर जाऊन थांबलं.

“त्रिवेणी, बाबांचे साडेअठरा लाख गेले.”

त्रिवेणी हातात उलथनं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. “कुठं गेले?”

“व्हीएनडीला.”

“ते कोण?”

“व्हेंडर असणार. मधली अक्षरं गाळतात हे लोक.”

“पण एका दिवसात कार्डावरून एवढे निघतात का? मला तर एटीएम चाळीस हजारांच्या वर देत नाही.”

“तेच तर म्हणतोय मी. हे साधंसुधं प्रकरण नाही.”

दोनच आठवड्यांपूर्वी प्रशांतच्या ऑफिसात सायबर फसवणुकीवर तीन तासांचं व्याख्यान झालं होतं. बाकीचे मागं बसून बिस्किटं खात होते. प्रशांतनं वहीभर टिपणं काढली होती. आता ती वही त्यानं समोर घेतली आणि वडिलांना फोन लावला. बंद. आईला लावला. रिंग गेली, कुणी घेतला नाही. खात्यात किती उरलेत ते बघावं, तर पासवर्ड बाबांच्या डायरीत, डायरी लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली आईच्या कमरेला, व्हिएतनाममध्ये.

“उरलेले साडेतीन लाख तरी वाचवू,” असं म्हणून त्यानं बँकेला फोन केला. वीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक बाई आल्या. त्यांनी दोन मिनिटांत कार्ड कायमचं बंद केलं. प्रशांतला जरा बरं वाटलं. मग दुपारपर्यंत तो तारनाक्याच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात येरझाऱ्या घालत राहिला आणि दर फेरीला आईबाबांचे नंबर लावत राहिला.

दोन वाजता परदेशी नंबरावरून फोन आला. प्रशांतनं वही बघून तो कट केला. पुन्हा आला. पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्रिवेणी म्हणाली, “अहो, उचला की. तुम्ही नाही तर मी उचलते.”

त्यानं उचलला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडे एक बाई होती.

“मिस्टर प्रशान? युवर फादर, मदर हिअर विथ मी.”

“हू आर यू?”

“फर्स्ट यू पे. देन दे गो. फोर ओ’क्लॉक बस.”

प्रशांतनं पेन उघडलं. त्यानं कसंबसं विचारलं, “हाऊ मच?”

“वन मिलियन, एट हंड्रेड फिफ्टी थाउजंड. सेम लाइक मॉर्निंग.”

तो खुर्चीवर बसायला गेला, पण खुर्ची तिथं नव्हती. जमिनीवर बसूनच त्यानं फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, “धरून ठेवलंय त्यांना. आणखी साडेअठरा मागतायत.”

“अय्यो,” त्रिवेणी म्हणाली. “शेजारच्या अरविंदकाकांना बोलावू का? ते पोलिसात होते.”

“पोलिसांच्या बँडमध्ये होते ते.”

तेवढ्यात फोनमधून नामदेवरावांचा आवाज आला. “प्रशांत, अरे ते कार्ड चालंना झालंय. काय लफडं आहे बघ बरं जरा.”

आवाज हुबेहूब होता, आणि त्यामुळंच प्रशांत अधिक घाबरला. वहीच्या चौथ्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं: हल्ली आवाजाची नक्कल मशीन करते, फक्त घरच्यांनाच माहीत असेल असा प्रश्न विचारा.

“आपल्या दुकानाच्या मागं काय होतं?” त्यानं विचारलं.

“काय?”

“तुम्ही माझे वडील असाल तर सांगा. दुकानाच्या मागं काय होतं?”

मग नामदेवराव कुणाला तरी म्हणाले, “घे, तूच बोल. तुझं पोरगं मला विचारतंय, मी त्याचा बाप आहे, हौ का नाही.”

कुसुमताईंनी फोन घेतला. “प्रशांत, जेवलास का रे?”

“आई, आधी माझा वाढदिवस सांग.”

“तिथीनं सांगू का तारखेनं? तारीख तुझ्या बाबांनी शाळेत खोटी घातलीय, ती जूनमधली. तू खरा दिवाळीनंतरचा. वय कमी पडत होतं म्हणून आधीची लिहिली. त्यापायीच तर तिसरीत दोन वर्षं बसलास.”

“पुरे, आई.”

त्रिवेणीनं त्याच्याकडं पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि तिसरीचा विषय कधी निघाला नव्हता. “दोन वर्षं?” तिनं हळूच विचारलं. प्रशांतनं ऐकलं नाही असं दाखवलं.

कुसुमताईंनी मग कुणाच्या तरी मदतीनं व्हिडिओ लावला. मोबाइलवर नामदेवराव दिसले आणि प्रशांतनं फोन डोळ्यांजवळ आणला. जन्मभर पांढरा सदरा आणि पायजमा घालणारे नामदेवराव निळा, चकचकीत, अंगाला बेतून शिवलेला सूट घालून आरशासमोर उभे होते. पायात चपला होत्या.

“बाबा, साडेअठरा लाख कशाला दिलेत?”

“लाख कसले आलेत? डाँग आहेत ते, इथला पैसा. आपल्या एका रुपयाला तीनशे मिळतात. साडेअठरा लाख म्हणजे आपले सहा हजार. सबंध सूट सदतीस लाखाचा. सकाळी निम्मे दिले, निम्मे माल हातात आल्यावर. तर दुपारी कार्डच बंद.”

प्रशांतनं मेसेज पुन्हा उघडला. व्हीएनडीमधला व्ही कुणाचा आणि डी कुणाचा, ते आता त्याला दिसलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

“रोख नाही का जवळ?”

“होते ते तुझ्या आईनं कंदिलांत घातले. बावीस कंदील घेतलेत. आणि आपलं ते स्कॅन करायचं इथं चालत नाही. तू कार्ड सुरू कर.”

“होणार नाही.”

“का?”

“मीच बंद केलंय. नवीन कार्ड सात दिवसांनी येईल. इकडं, तारनाक्याला.”

नामदेवरावांनी सुटाची कॉलर सैल केली. “कायकू बंद केलंस?”

प्रशांतनं वही मिटली. सुरुवातीला फोनवर बोललेली ती बाई, म्हणजे सूट शिवणाऱ्या दुकानाची मालकीण लान, तिनं मग फोनवर एक लिंक पाठवली. तीवर कार्डाचा नंबर घालायचा, रक्कम लिहायची आणि पैसे भरायचे. अनोळखी बाई, परदेशी नंबर, लिंक. प्रशांतच्या वहीत या तीन गोष्टींसाठी तीन वेगवेगळी पानं होती, आणि तिन्हींवर ‘कधीही नाही’ असं लिहिलेलं होतं. त्यानं डोळे मिटून लिंक दाबली.

“लवकर कर,” नामदेवराव म्हणाले. “इथं चार वाजत आलेत, बसवाला हॉर्न मारायला लागलाय. सगळी मंडळी परेशान झालीत.”

हॉर्न इकडंही ऐकू येत होता. प्रशांतनं स्वतःच्या कार्डाचा नंबर घातला. “किती शून्यं?”

“एकशेपंच्याऐंशीवर चार,” त्रिवेणी म्हणाली.

पुन्हा हॉर्न वाजला. त्यानं घामेजल्या बोटानं आकडा दाबला. ओटीपी आला. मेसेजातले सहा आकडे त्यानं घाईनं टिपले, बाकीचं वाचलं नाही. पैसे गेले. लाननं पलीकडून अंगठा दाखवला, जरा चकित झाल्यासारखी हसली आणि फोन बंद झाला.

प्रशांतनं पंख्याखाली पाय पसरले. “सुटलो.”

त्रिवेणीनं त्याचा मोबाइल उचलला आणि ओटीपीचा मेसेज वाचला. मग पुन्हा वाचला. आता तिचं बोट स्क्रीनवरून सरकत होतं.

“अहो, हे चार नाहीत. पाच आहेत.”

“काय पाच?”

“शून्यं. एक कोटी पंच्याऐंशी लाख पाठवलेत तुम्ही.” तिनं भागाकार केला. “आपले बासष्ट हजार.”

सकाळपासून प्रशांतला बरेच धक्के बसले होते, पण ते सगळे दुसऱ्याच्या पैशाचे होते. हा त्याच्या स्वतःच्या पगाराचा होता. तो एकदम उठून उभा राहिला, पुन्हा खाली बसला, आणि त्याच परदेशी नंबरावर व्हिडिओ लावला. परत पाठवायला सांगायचं, एवढंच वाक्य त्यानं मनात जुळवलं होतं.

फोन कुसुमताईंनी घेतला. त्यांच्या खांद्यावरून टेप लोंबत होती आणि मागं लान कागदावर मापं लिहीत होती. दारात बस नव्हती.

“बस गेली का?”

“जाऊ दिली. गाइड पोरगं परवा न्यायला येतो म्हणालं.” त्यांचे डोळे भरले होते. “एवढे कशाला पाठवलेस रे?”

“आई, ते असं झालं की…”

“तुझे बाबा म्हणत होते, पोरानं शून्य चुकवलं असणार, परत करू. मी म्हटलं, माझा प्रशांत रुपया तीनदा मोजून देतो. तो चुकायचा नाही. आपल्या चाळीस वर्षांचा आहेर केलाय त्यानं. बोलून दाखवणार नाही, तसा स्वभावच नाही त्याचा.” त्यांनी टेप जरा सावरली. “ही बाई मला लांब कोट शिवतेय, रेशमाचा. ब्लाउज सोडला तर माझं माप घेऊन कुणी काही शिवलं नव्हतं बघ आजवर. मुद्दामच पाठवलेस ना तू?”

प्रशांतनं तोंड उघडलं. दुकानाच्या आरशात आई एका अंगानं दिसत होती, पोट आत घेऊन उभी. मागं बाबा छताकडं बघत होते. त्यांना उत्तर ऐकायचंही होतं आणि ऐकतोय असं दाखवायचं नव्हतं.

“हो,” तो म्हणाला. “मुद्दामच.”

नामदेवरावांनी तोंड फिरवलं आणि नव्या सुटाच्या बाहीला नाक पुसलं. लान लगबगीनं रुमाल घेऊन धावली. फोन बंद झाला.

त्रिवेणीनं ताट उचललं, पेसरट्टू टाकून दिला, ओटा पुसला आणि हात कोरडे करत त्याच्या शेजारी येऊन बसली.

“चांगलं केलंत,” ती म्हणाली.

“हं.”

“खरंच चांगलं केलंत. मला वाटलं होतं, परत मागाल.” थोडं थांबून तिनं पदराची घडी नीट केली. “माझे आईबाबा त्यांच्या नारायणगुड्याच्या पलीकडं कुठं गेलेले नाहीत बघा. आणि त्यांच्याही लग्नाचं हे चाळिसावंच वर्ष आहे.”