जंतवाले वानखडे सर

माह्या दुकानात लोक खिमा मागतात, कलेजी मागतात, पाया मागतात. वानखडे सर जंत मागतात.

"सलीमभाई, आज काही निघालं का?" दर रविवारी सकाळी हाच सवाल. हातात स्टीलचा थर्मास, खांद्याले झोळी अन् नाकावर रुमाल. मटणाचा वास त्यायले सहन होत नाही. दारव्ह्यात बापाच्या वेळेपासून आमचं दुकान आहे, पण नाक दाबून रांगेत उभं राहणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाह्यलं नाही.

बकऱ्याच्या पोटाले चार थैल्या असतात. चौथी मी सरायसाठी बाजूले ठेवतो. सर ती उलटी करतात, चिमट्यानं चाळतात, अन् लाल-पांढऱ्या पिळाचा दोऱ्यावानी जंत सापडला की रुमालाच्या आडूनच वरडतात, "मिळाले! पाहुणे मिळाले!" रांगेतल्या बाया पदर तोंडाले लावून बाजूच्या कोंबडीवाल्याकडं जातात. माह्या धंद्याचं खोबरं होते, पण सरायले काय त्याचं?

जंत म्हणलेलं त्यायले चालत नाही. पाहुणेच म्हणा. अन् पाहुण्याची गोष्ट तं मी इतक्यांदा ऐकली, की मले झोपेतून उठवून विचारा.

"हा बकऱ्याचं रक्त पितो, सलीमभाई. तरी बकऱ्याचं अंग याला हाकलत नाही. का?"

"काहून?" मी म्हणतो. म्हणाच लागते, नाही तं सर हलत नाहीत.

"कारण हा आपल्या अंगातून बारीक बारीक पुड्या सोडतो. साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत एवढ्या. पुडीत निरोप असतो. बकऱ्याची पेशी ती पुडी आत घेते, निरोप वाचते आणि शेजारच्या पेशीला सांगते, 'अगं, भांडू नको, घरचाच माणूस आहे.' की अंगातले पहारेकरी पेंगले! तोंड नाही, आवाज नाही, पण बोलणं चालू. बोलणं बंद पडलं, की मुक्काम संपला. निरोप पोचला पाहिजे, सलीमभाई, निरोप!"

"हे तं माह्या साळ्यासारखं झालं," मी एकदा म्हणलं. माहा साळा उमरखेडचा. येताना पेढ्याची पुडी आणते, सगळ्यायले गोड गोड बोलते, अन् मंग महिनाभर हलत नाही.

तो साळा सरायनंच घालवला, हे मात्र कबूल करावं लागते. एका रविवारी त्याचा गळा बसलता. गल्ल्याजवळ थर्मास दिसला, गरम पाणी असंल समजून त्यानं सरळ तोंडाले लावला. "दुल्हेभाई, पानी खारा कायकू लगता?" खारं लागंल नाही तं काय! पाहुणे जिवंत घरी न्याचे म्हणून सर थर्मासात कोमट मीठपाणी आणतात, अन् त्या दिवशी पाहुणे आत होते. सर हातातला चिमटा फेकून धावले. "गिळू नका! माझे आहेत!" बकऱ्याचा हा जंत माणसात टिकत नाही, घाबरू नका, असं समजावत सर त्याच्या मांगं एसटीपर्यंत गेले. साळा थुकत थुकत गाडीत चढला. तेव्हापासून त्याचा फक्त फोन येते.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण सरायच्या घरी वानखडे मॅडम खाटेवर होत्या. मागच्या वर्षी लकवा मारला, उजवं आंग गेलं अन् बोलणं पार बंद झालं. त्याच्यानंच यवतमाळचं वरच्या मजल्यावरचं घर सोडून दोघं इथं खालच्या खोल्यायमंधी राहाले आले. गावात लोक बोलाचे, बायको खाटेवर पडून आहे अन् हा बुढा किड्यायच्या मांगं फिरून राह्यला. माह्या बायकोनं तं मलेच झापलं. "ऐसे आदमी को तुम माल देते कायकू?" मलेही राग यायचा. खोटं कायले बोलू?

एका रविवारी सर थर्मास दुकानातच विसरले. म्हणलं चला, थर्मासही देऊ अन् दोन गोष्टी तोंडावर सुनावूनही येऊ. दुपारी दुकान बंद करून गेलो.

मॅडम उशायले टेकून बसल्या होत्या. नजर भिंतीवर. बाजूले टेबलावर सूक्ष्मदर्शक, कपाटात जंतायचीच जाडजूड पुस्तकं. सरायनं थर्मास असा घेतला जसं मी त्यायचं हरवलेलं पोरगं आणून देलं. जंत काचेच्या बशीत सोडला, बशी मॅडमच्या डोळ्यासमोर धरली. दुसऱ्या हातानं नाकावर रुमाल होताच.

"सर, तुमचाच विषय, अन् तुमालेच वास येते?" मी म्हणलं.

"माझा विषय? मी जन्मभर अकाउंट्स शिकवलं, सलीमभाई. जंत हा हिचा विषय, कॉलेजात हीच शिकवायची. मला तर बघितलं की मळमळतं." मंग आवाज खाली करून म्हणाले, "लग्न झाल्यापासून मी या विषयात तोंड उघडलं की ही म्हणायची, 'चूक!' चारचौघांसमोरसुद्धा. डॉक्टर म्हणतात, बोलत राहा. वर्ष होत आलं. एक शब्द नाही."

सुनावाचं राह्यलं बाजूले, मी स्टूल ओढून खाटेजवळ बसलो.

सर खाटेवर बसले. "तर इंदू, असं बघ. बकरा पुड्या सोडतो, आणि त्या खाऊन जंताला झोप लागते."

"अहो सर, उलटं..." मी बोललो, तसा त्यायनं माहा पाय पायाखाली जोरात दाबला. दर रविवारी दुकानात घडाघडा बरोबर सांगणारा माणूस घरी मुद्दाम चुकीचं सांगून राह्यला होता.

मॅडमची नजर भिंतीवरून बशीवर आली. कपाळाले आठी पडली.

"आणि पुडीत निरोप-बिरोप काही नसतो," सर आणखी जोरात म्हणाले. "नुसती साखर असते."

मॅडमचा डावा हात चादरीवर आपटला. ओठ वाकडे झाले, गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं झालं. मी या अल्ला म्हणलं अन् पाणी शोधाले लागलो.

"चू..."

सर हलले नाहीत. "काय म्हणालीस?"

"चू...क."

सरायच्या नाकावरचा रुमाल डोळ्यावर गेला. जंताची बशी मांडीवर कलंडली, पाणी पायजम्यावर सांडलं, त्यायले पत्ताच नाही. "चूकच आहे, इंदू. माझं सगळंच चूक आहे. परत सांगू?"

मॅडमनं मान हलवली, हो म्हणून. सर परत पहिल्यापासून चुकीचं सांगाले लागले. मी थर्मासाचं झाकण उगाच लावत अन् काढत बसलो, कारण माह्यानं वर पाहवत नव्हतं.