इनास सरांचा हात

आमचे शेजारी इनास सर मिक्सर लावण्याआधी मोठ्यांदा ओरडतात, "चावी बाहेर!" आता मिक्सरला कसली आलीय चावी? पण नाही. विहिरीवरचा पंप लावतानाही तेच. स्कूटरला तर चावी आत लागते, तरी यांचं आपलं "चावी बाहेर!" एकदा चर्चमध्ये पेटी सुरू होणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून हाक आली, आणि फादर वेदीपाशी हसू दाबत उभे.

सर विरारच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लोखंड कातायचं लेथ मशीन शिकवायचे. लोखंड घट्ट आवळायला त्या मशीनला एक चावी लावतात. ती काढायला विसरून मशीन चालू केलं, तर चावी उडून तोंडावर येते. म्हणून सरांच्या वर्गात आधी ओरडायचं, मग बटण. इतक्या वर्षांत त्यांच्या एका पोराला खरचटलं नाही! हे मी गावभर असं सांगते, जसे काही सर माझ्याच पोटचे. लग्न केलं नाही त्यांनी. मी कालवण पाठवते, तर डबा परत येतो तो झाकणाचा पोचा ठोकून सरळ केलेला.

रिटायर व्हायला वर्ष उरलं, आणि कॉलेजने ते नवे कॉम्प्युटरचे चष्मे आणले. डोळ्यांवर चढवले की समोर हवेत लेथ दिसते आणि एक हात कसं चालवायचं ते दाखवतो. सर माझ्या ओटीवर येऊन तणतणले.

"हवेतली लेथ, मेरीबाय! उद्या हवेतला पापलेट वाढतील. पोराच्या हातावर हात ठेवल्याशिवाय कळतं काय?"

"मग घालू नका चष्मा," मी म्हटलं. "चहा घ्या."

पण वर्गात कामणची एक मुलगी होती, सायली. मशीनच्या आवाजानेच दचकायची. तिने त्या चष्म्यात पुन्हा पुन्हा सराव केला आणि एक दिवस खऱ्या लेथवर न घाबरता उभी राहिली. वर सरांनाच म्हणाली, "सर, तुमचा हात एका वेळी एकालाच मिळतो ना. बाकीचे आम्ही नुसते बघत उभे. आणि पुढच्या वर्षी तर तुम्ही नसणारच."

सर दोन दिवस माझे डबे ठोकत बसले. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने चष्मा घातला, आणि केवढ्याने ओरडले! आतला तो गोरापान हात चावी तशीच ठेवून मशीन चालू करत होता.

"हा शिकवणार माझ्या पोरांना? काढा त्याला. माझा हात घाला!"

कंपनीची माणसं आली, सरांचा हात कॅमेऱ्यात टिपून घेतला. त्यांची तर्जनी जरा वाकडी. त्यातला एक म्हणाला, "सर, बोट सरळ करून देतो." सर म्हणाले, "माझ्या आईने दिलंय तसंच राहू द्या. आणि हात सावकाश चालवा. घाबरलेल्या पोरासाठी थांबायला पाहिजे तो."

रिटायर झाल्यावर कॉलेजने त्यांना एकदा बोलावलं. मी ठेवणीतली साडी नेसून सोबत. नाहीतर दुसरं कोण येणार? वर्कशॉपमध्ये नवीन मुलं चष्मे लावून हवेत हात फिरवत होती. सगळी एका सुरात ओरडली, "चावी बाहेर!" तेव्हा माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! एका मुलीचा हात मात्र मधेच अडला.

मी सरांना म्हटलं, "जा ना. सांगा तिला, चष्म्यातला हात तुमचाच आहे म्हणून."

"नको बाय. तो थांबलाय तिच्यासाठी. बघा, घेईल ती."

मुलीने दम घेतला आणि पुन्हा हात पुढे केला. शेजारी कोण उभं आहे, ते तिला दिसतही नव्हतं. सर दोन पावलं पुढे सरकले आणि तिच्या हाताखाली, तिला स्पर्श होणार नाही असा, आपला हात धरून उभे राहिले.