सात नंबरचं गाणं

गेनभाऊंना हळू बोलता येत नाही. हळू बोलायला गेले की त्यांना ठसका लागतो. एकदा एका दशक्रियेला आम्ही दोघं नदीकाठी उभे होतो. सगळे माना खाली घालून गप्प. पिंडाजवळ कावळा नुकता कुठे उतरला होता, आणि गेनभाऊंनी माझ्या कानात हळूच विचारलं, "शिवला का रं?" कावळा जो उडाला तो थेट नदीपलीकडे. घरच्यांनी पुढे अर्धा तास "पोरांना नीट सांभाळू, वाटण्या करणार नाही, बोअर मारू" अशी एकेक कबुली देऊन पाहिली, पण कावळा काही येईना. शेवटी गेनभाऊंना गाडीवर बसवून मी लांब नेलं, तेव्हा तो आला म्हणतात.

हा माणूस गेली तीस वर्षं बैलगाडा शर्यतीत माईकवर बोलतो. आमच्याकडे गाडे घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, एकेक सोडतात आणि सेकंदावर नंबर काढतात. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी; ठरल्या सेकंदांत पार पडली की बारी बसली. बारी सुटायच्या आधी गेनभाऊ "झाली... झाली... झाली..." करत लोकांचा जीव टांगणीला लावतात आणि गाडा सुटला की "भिर्रर्रर्रर्र!" त्यांची भिर्रर्र कळंबच्या घाटात सुरू झाली की मंचरच्या बाजारात कांदे हलतात, असं आम्ही म्हणतो. मंचरवाले नाही म्हणतात, पण त्यांचं काय ऐकायचं!

तर अशा माणसाचा आवडता गायक कोण असावा? करवंद!

करवंद म्हणजे घाटघरचा किसन. पंचवीस-सव्वीसचा, काडीसारखा पोरगा. कुठल्या कंपनीत नाही, सिनेमात नाही. स्वतःच गाणं लिहितो, स्वतःच गिटार वाजवतो, घरातच रेकॉर्ड करतो आणि इंटरनेटवर सोडून देतो. आवाज इतका बारीक की त्याचं गाणं ऐकायचं तर आधी पंखा बंद करावा लागतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पोरगं झोपेत बडबडतंय.

दोघांची गाठ पडली ती मागच्याच्या मागच्या दिवाळीत. किसनला नव्या अल्बमसाठी इकडचे आवाज हवे होते: बैलांच्या घुंगुरमाळा, विहिरीवरची मोटर, असलं काहीबाही. त्याच्या माईकवर केसाळ टोपडं होतं. गेनभाऊ म्हणाले, "ही मांजर कशाला आणली?" मग आपल्या अंगणात उभं राहून त्यांनी आपली भिर्रर्र दिली. किसनने कानातले हेडफोन काढून लांब धरले. खुराड्यातल्या दोन कोंबड्या माळ्यावर जाऊन बसल्या. मी तिथे दुधाचं कार्ड द्यायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलंय. कळंबच्या डेअरीवर मी सचिव. सकाळ-संध्याकाळ लोकांच्या दुधाचं फॅट काढतो आणि शिव्या खातो.

भिर्रर्र संपता संपता आतून हिरावहिनींनी, म्हणजे गेनभाऊंच्या मंडळींनी, हाक मारली, "आवो, च्या गार व्हतोय." त्या घरात ही हाक रोजचीच. गेनभाऊ बोलायला लागले की थांबत नसत आणि वहिनी एकदाच हाक मारून गप्प बसत. दुसऱ्यांदा हाक मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. तीस वर्षं गेनभाऊंनी चहा प्यायला तो थंडगार, वर साय धरलेला. त्या दिवशीही तस्साच प्यायले.

किसन गेला आणि गेनभाऊंना करवंदाचं वेडच लागलं. "करवंद प्रेमी मंडळ, कळंब" असा ग्रुप काढला. मेंबर अकरा. त्यातल्या तिघांना बाहेर कसं पडायचं ते माहीत नव्हतं म्हणून ते होते, आणि तिघांतला एक मी. पोराने नुसता चपलेचा फोटो टाकला तरी खाली गेनभाऊंची कॉमेंट हजर: "एकच नंबर! घाटाचा राजा!" पुण्यातल्या पोरापोरींना वाटायचं, हा कोण काका? हळूहळू त्या पोरांना गेनभाऊंच्या कॉमेंटीची सवय झाली. एखाद्या दिवशी दिसली नाही तर विचारायची, "काका बरे आहेत ना?"

आणि सगळीकडे एकच पुकारा. "सात नंबरच्या गाण्यात आपली भिर्रर्र हाय! किसनाने शबूद दिलाय!" एकदा शर्यतीत, भर घाटात, माईकवरून जाहीर करून बसले, "नवीन अल्बमात माझी भिर्रर्र नसली, तर हा गेनभाऊ पुन्हा माईक हातात धरणार न्हाई!" टाळ्या पडल्या. त्याच झोकात त्यांनी दोन बाऱ्यांच्या मधे करवंदाचं एक गाणं भोंग्यावर लावलं. काय सांगू राव! सुटायला टेकलेले चार बैल ऐकता ऐकता ढिले पडले, एकाने तर खाली बसून रवंथच सुरू केली. गाडामालक चाबूक घेऊन गेनभाऊंच्या मागे धावला. हे पळता पळता ओरडत होते, "बैलाला कळतंय, तुला कळंना व्हय!"

मागच्या आखाडात हिरावहिनी गेल्या. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी मंचरच्या दवाखान्यात नेल्या त्या परत आल्याच नाहीत. तेरा दिवस गेनभाऊ तोंडातून अवाक्षर काढेनात. गावाला ती शांतता सोसवेना. चौदाव्या दिवशी ग्रुपवर त्यांचा मेसेज पडला: "अल्बम कधी?"

मला भयंकर राग आला. बायको जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि ह्याला भिर्रर्र ऐकायचीय! मी डेअरीवर चार लोकांसमोर बोललोही, "माणसाला स्वतःच्या आवाजाचं एवढं कौतुक बरं नव्हे." खोटं कशाला बोलू, बोललो.

गेनभाऊंनी मात्र अल्बमसाठी आकाशपाताळ एक केलं. किसनने सांगितलं की आधीच एक बटण दाबून ठेवायचं, म्हणजे आल्या दिवशी अल्बम आपोआप फोनमध्ये उतरतो. झालं! दुसऱ्या दिवशी गेनभाऊ माझ्या मशीनशेजारी ठाण मांडून. "आधी बटन, मग फॅट!" किटली घेतलेली रांग पार रस्त्यावर गेली. रांगेतल्या सुलाबाईकडे साधा फोन. त्यावर ह्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली, फोन लागला तो तिच्या शिनोलीच्या जावयाला. गेनभाऊंनी जावयालाच मंडळात घेतलं. त्या दिवशी अर्ध्या गावाचं दूध नासायची वेळ आली आणि शिव्या खाल्ल्या मी.

मग गावभर आमंत्रण. लग्नाला देतात तशा घरोघरी अक्षता. "रविवारी धा वाजता. डेअरीफुडं. सहकुटुंब या, जेवूनच जायाचं!" लोक विचारायचे, लगीन कुणाचं? "अल्बम हाय, अल्बम! दुसरं पाणी!" अल्बमचं नाव 'दुसरं पाणी'. आमच्या आबांना वाटलं कालव्याला पाणी सुटतंय, ते फावडं घेऊन आले.

रविवारी मांडव, भोंगे, बुंदी, सगळं सजलं. फ्लेक्सवर कोपऱ्यात किसन तिकिटाएवढा, आणि मधोमध फेटा बांधलेले गेनभाऊ. पुण्याहून दोन पोरी गाडीवर आल्या होत्या, केस निळे. बायका त्यांच्या केसांना हात लावून पाहत होत्या, त्या बायकांच्या नथीला. दहाला गेनभाऊंनी नारळ फोडला, हातात स्टॉपवॉच घेतलं आणि माईकवर, "झाली... झाली... झाली... पयलं गाणं सुटलंऽऽ!"

निळ्या केसांच्या पोरींनी वळून बोट ओठांवर ठेवलं. "काका, शूऽऽ!"

आणि गेनभाऊ गप्प बसले! तीस वर्षांत त्यांना गप्प करणारं कुणी भेटलं नव्हतं. फक्त गाणं संपलं की दबक्या आवाजात, म्हणजे तुमच्या-माझ्या ओरडण्याइतक्या आवाजात, सांगायचे, "तीन मिनिट अकरा सेकंद. बारी बसली!" पोरी डोळे मिटून डोलत होत्या, एक तर रडत होती. तीन गाणी संपल्यावर आबा म्हणाले, "आता चालू करा की."

सात नंबर आलं. घुंगुरमाळा वाजल्या, मागून गिटार. सगळा मांडव पुढे सरकला. सुलाबाईने बुंदी चावायची थांबवली. आता येणार, आता येणार! मधेच गिटार थांबली, भांड्याचा एक आवाज झाला, आणि लांबून एक बाई म्हणाली, "आवो, च्या गार व्हतोय." पुन्हा गिटार. गाणं संपलं.

भिर्रर्र नाहीच.

ती हाक कुणाची, हे त्या घटकेला एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. हिरावहिनींचा आवाज गावाने ऐकला होता कुठे? आम्ही सगळे भिर्रर्र शोधत होतो. आठवं गाणं लागलं, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "गेनभाऊ, माईक ठेवा आता!" मांडव हसला. गेनभाऊंनी माईक टेबलावर ठेवला. डोळे ओले होते. मला वाटलं, अपमान झाला बिचाऱ्याचा.

माझंच टाळकं फिरलं. काही झालं तरी आपला माणूस! मी डेअरीच्या मागे जाऊन किसनला फोन लावला आणि चांगला झाडला. "अरे, म्हाताऱ्याला गावासमोर तोंडघशी पाडलंस! घालायचा नव्हता आवाज, तर सांगायचं होतंस आधी!"

पोरगं सगळं ऐकून घेऊन म्हणालं, "काका, दादांना सगळं माहीत होतं. आठ दिवसांपूर्वी मी त्यांना गाणं ऐकवायला आलो होतो. दादांच्या भिर्रर्रला लागूनच काकूंची हाक आहे. भिर्रर्र ठेवली की पुढची हाक ऐकूच येत नाही. मी हाकच काढणार होतो. तर दादा म्हणाले, माझी भिर्रर्र काप. मी म्हटलं, दादा, तुम्ही गावाला शब्द दिलाय. तर म्हणाले, माझा आवाज साऱ्या घाटांवर हाय, लोकांच्या फोनात हाय. तिचा कुठंच न्हाई रं. समदं घर धुंडाळलं, एक शबूद न्हाई घावला. जरा कवा गप बसलो असतो तर..." मग किसन म्हणाला, "कुणाला सांगू नको म्हणालेत, काका."

मी मांडवात परत आलो तेव्हा गेनभाऊ लोकांना बुंदी वाढत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी कुणाला सांगितलं नाही. फक्त यात्रा कमिटीच्या अध्यक्षांना सांगितलं. म्हणजे दिवेलागणीपर्यंत सगळ्या कळंबला कळलं. चैत्रात यात्रा आली. कमिटी गेनभाऊंच्या दारात. गेनभाऊ हटून बसले, "शबूद म्हंजे शबूद. माईक हातात धरायचा न्हाई."

"नका धरू," अध्यक्ष म्हणाले. "बांबूला बांधलाय. तुमी नुसतं म्होरं उभं ऱ्हावा."

दुपारी घाट माणसांनी फुलला होता. गेनभाऊ मचाणावर हात मागे बांधून बांबूसमोर उभे आणि भिर्रर्र अशी, की कावळे पार जुन्नरला गेले असतील. चार वाजले. मोठ्या नावाचा गाडा जुंपलेला, बैल उधळायला आलेले. "झाली... झाली..." आणि गेनभाऊंच्या खिशातला फोन वाजला. चारचा गजर त्यांनी काय लावला होता, ते माईकमधून सगळ्या भोंग्यांवर गेलं, उभ्या घाटाने ऐकलं.

"आवो, च्या गार व्हतोय."

गेनभाऊ अर्ध्या शब्दावर थांबले. "थांबा रं पाच मिनिट," त्यांनी सांगितलं, "बोलावलंय." आणि मचाणावरून उतरले. तो गाडामालक, तोच चाबूकवाला, बैलाची वेसण धरून उभा राहिला.

मी थर्मासमधला चहा कपात ओतून त्यांच्या हातात दिला. नुकताच उकळलेला. त्यांनी घोट घेतला, तोंड पोळलं, डोळ्यांत पाणी आलं. कपाकडे बघत ते माझ्याशी बोलले, आणि देवाशपथ सांगतो, पहिल्यांदाच इतकं हळू बोलले की मला कान पुढे करावा लागला.

"एवढा गरम असतोय व्हय रं हा?"