फरशी-यंत्र निवड समितीचं थोर कार्य

फरशी खाली असते. या साध्या वस्तुस्थितीवर आजवर कुठल्याही सरकारला, धर्माला किंवा पक्षाला तोडगा काढता आलेला नाही. फरशी खाली असल्यामुळे कोणाला तरी वाकावं लागतं, आणि ते माणूस नीट वाकलंय की नाही हे बघायला दुसऱ्या कोणाला तरी बसावं लागतं. समाजाची घडी अशी बसलेली आहे. ती विस्कटण्याचं पाप झायेचार गावात, चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, देसांका नावाच्या बाईच्या उजव्या गुडघ्याने केलं.

हा गुडघा तीस वर्षं बिनतक्रार चालला होता. (बिनतक्रार म्हणजे तक्रार कोणी ऐकली नव्हती.) नोव्हेंबरात तो सुजून कोबीच्या गड्ड्याएवढा झाला. डॉक्टरने एक्स-रे उजेडावर धरला.

"बाई, तुम्ही करता तरी काय?"

"घर पुसते."

"कशाने?"

"गुडघ्यांनी."

डॉक्टरने एक्स-रे खाली ठेवला. "आता एकदा जरी जमिनीला टेकलात, तर मला सुरी घेऊनच भेटावं लागेल."

आणि संत निकोलाचा दिवस तोंडावर आला होता. संत निकोला हा देसांकाच्या नवऱ्याचा, तिहोमीरचा, कुळसंत. त्याच्या दिवशी कोणाला बोलवायचं नसतं. ज्याला आठवण असेल तो येतो, आणि जिथे राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, फुकट मिळते तिथली आठवण झायेचारात कोणाचीही जात नाही. पाहुणे दारात बूट काढतात आणि मोज्यांवर घरभर फिरतात. परतताना जिन्यात प्रत्येक जण पाय वळवून मोज्याचा तळवा बघतो. तो काळा निघाला की ते घर पुढची दहा वर्षं काळं. त्या घरातल्या पुरुषाला कोणी काही म्हणत नाही. बाईचं नाव तेवढं घेतात.

देसांकाने नवऱ्याला सांगितलं, "एक व्हॅक्यूम आणि एक वाफेचा मॉप घेऊ या. उभ्याउभ्याने होईल सगळं. मी बघून आलेय, बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दुकानात आहेत. हलके आहेत, एका हाताने उचलतात."

"हलके?" तिहोमीर दचकला. "हलकं म्हणजे प्लास्टिक. यंत्राचं काम आहे हे, देसांका. भाजी घेतल्यासारखं नाही घेता येत."

त्याच संध्याकाळी समिती स्थापन झाली. तिची रचना अशी:

अध्यक्ष: तिहोमीर. काच कारखान्याचा निवृत्त फोरमन. एक हजार माणसं कारखान्याच्या फरशीवर राबत असताना त्याने फरशीकडे कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे पूर्वग्रह शून्य.

सन्माननीय सदस्य: वुकोसाव, लग्नातला साक्षीदार, म्हणजे कूम. कूमचं नातं रक्ताच्या वरचं. त्याचा शब्द मोडता येत नाही आणि त्याचा पेला रिकामा ठेवता येत नाही.

तांत्रिक सल्लागार: मेहुणा झिवादिन. याने एकदा ट्रॅक्टरचं इंजिन एकट्याने उघडलं होतं. (ते अजून उघडंच आहे.)

गुडघा असलेल्या व्यक्तीस समितीवर घेणं हा हितसंबंधांचा संघर्ष ठरला असता. म्हणून देसांकाकडे मिरच्यांचं लोणचं आणि भोपळ्याची पोळी हे खातं सोपवण्यात आलं.

समितीने निकष ठरवले. यंत्र जड असावं. यंत्र जर्मन असावं, निदान ते विकणाऱ्याचा चुलतभाऊ तरी जर्मनीत असावा. वॉट एवढे असावेत, की चालू केलं की खालच्या मजल्याला कळलं पाहिजे.

"कचरा किती ओढतं ते बघा ना," देसांका ताटली ठेवता ठेवता म्हणाली.

"वहिनी," कूम प्रेमाने म्हणाला, "कचरा हा वापरणाऱ्याचा विषय. आपण अजून तत्त्वावर आहोत."

"आणि तत्त्वाने घर कधी पुसून होईल?"

"बघा, बाईमाणसाला घाई!" झिवादिन हसला. त्याने स्वतः केलेली पाहणी मग पटलावर ठेवली: त्याच्या ओळखीतल्या दहा नवऱ्यांपैकी नऊ जण म्हणाले, की आमच्या घरची फरशी आपोआप स्वच्छ राहते. दहावा घटस्फोटित होता. त्याने फरशी कुठली, असं विचारलं.

समिती तीन आठवडे बसली. या काळात फरशीवर राकिया दोनदा सांडली, पोळीचा चुरा रोज, आणि तिन्ही सदस्यांच्या सिगारेटींची राख अधूनमधून. देसांका लांब दांड्याला फडकं बांधून उभ्याने पुसायची, पण कोपऱ्यात फडकं जात नसे. समितीने ही कोपऱ्यांची समस्या गांभीर्याने नोंदवून घेतली.

शेवटी यंत्रं आली. व्हॅक्यूम वासराएवढा होता आणि वासरासारखाच जागचा हलत नव्हता. चौथ्या मजल्यावर आणताना झिवादिनची कंबर धरली. तिला त्याच रात्री मलम, गरम वीट आणि सगळ्या घराची सहानुभूती मिळाली. उद्‌घाटन तिहोमीरने स्वहस्ते केलं. टेबल आणि सोफा यांच्यामधला चटईएवढा तुकडा त्याने व्हॅक्यूमने झाडला, वाफेच्या मॉपने पुसला, मग घाम टिपून दांडा बायकोच्या हातात दिला.

"बघितलंस? खेळणं आहे. आता पुढे तूच."

देसांकाने तो तुकडा पाहिला. खरंच चकाकत होता. ती लहान मुलीसारखी हसली आणि वाफ सोडत निघाली. उभ्याने! गुडघा काही म्हणत नव्हता. लाकडी फरशीवर ओल दिसली, म्हणून वाळायला तिने समोरची खिडकी उघडली आणि मागची बाल्कनीही.

कूम किंचाळून उठला. "वारा! आरपार वारा!"

इथे एक शास्त्रीय बाब सांगणं भाग आहे. या मुलुखाने पाच साम्राज्यं पचवली, तीन युद्धं पचवली, पण दोन उघड्या खिडक्यांमधून वाहणारा वारा पचवलेला नाही. तो मानेत शिरतो, तिथून कानात, आणि कानातून थेट स्मशानात. कूमची मान तिथल्या तिथे आखडली. खिडक्या बंद झाल्या.

"मग वाफ जाणार कुठे?" देसांकाने विचारलं.

प्रश्न उत्तम होता. वाफ कुठेच गेली नाही. ती भिंतीवर बसली, आरशावर बसली, लाकडी पट्ट्यांमध्ये शिरली, तेव्हा पट्ट्या माना वर करून बघायला लागल्या. मग ती पूर्वेकडच्या भिंतीवरच्या संत निकोलाच्या तसबिरीवर बसली आणि काचेवरून दोन थेंब ओघळले.

"वहिनी," कूम वाकड्या मानेने म्हणाला, "संताच्या डोळ्यात पाणी आणलंत तुम्ही."

वाफेच्या मॉपवर बंदी आली. राहिला व्हॅक्यूम. त्याची समितीने कायदेशीर बाजू तपासली. दुपारी इमारतीत शांततेचे तास. तेव्हा आवाज करता येत नाही. सकाळी आणि संध्याकाळी वीज महाग. एवढे वॉट त्या दराने जाळणं म्हणजे नोटा जाळणं. स्वस्त वीज मध्यरात्रीनंतर. पण तेव्हा आवाज केला तर खालचा म्हातारा पोलीस बोलावतो. कॅलेंडरवर लाल अक्षरात छापलेल्या सणांना घरकाम निषिद्ध. रविवार देवाचा. एवढं वगळून जो वेळ उरला, त्यात तिहोमीर फुटबॉल बघतो.

म्हणजे बंदी कोणी घातली नव्हती. व्हॅक्यूम चालवायला देसांका पूर्ण मोकळी होती, फक्त तशी वेळ जगात नव्हती.

उलट फडक्याला आवाज नाही, वीज नाही, वाफ नाही. लाल अक्षराच्या दिवशीही फडकं चालतं, कारण गुडघ्यावर बसून पुसणं हे काम आहे असं कुठल्याच पंचांगात म्हटलेलं नाही.

"मी टेकणार नाही," देसांका म्हणाली. "पाहुण्यांचे मोजे काळे होवोत, निळे होवोत. गुडघा माझा आहे."

अब्रूचा प्रश्न होता. तिहोमीर रागावला नाही. तो समजूतदार नवरा होता. त्याने समितीची तातडीची बैठक घेतली, आणि दुसऱ्या दिवशी एक पुडकं बायकोच्या मांडीवर ठेवलं. त्यात फरशी बसवणारे गवंडी बांधतात तशा गुडघ्याच्या गाद्या होत्या. काळ्या, जाड, पट्ट्याच्या. जर्मन.

"बघ, तुझ्यासाठी खर्चाचा विचार केला नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यात खरंच पाणी होतं.

"तिहोमीर, या दोन्ही आपण तुझ्या गुडघ्यांना बांधून बघू या का?"

"मला कशा होतील? माप तुझं घेतलंय. झोपेत."

ज्या माणसाने झोपेत तुमच्या गुडघ्याचं माप घेतलं, त्याला काय बोलणार? सणाच्या आदल्या दिवशी देसांका टेकली. चारही कोपरे, सोफ्याखाली, पलंगाखाली, वर आलेल्या लाकडी पट्ट्यांच्या फटीफटीतून. शेवटच्या कोपऱ्यात गुडघ्यात काहीतरी वाजलं, सुकी फांदी मोडावी तसं. ती ओरडली नाही. दुपारची वेळ होती. शांततेचे तास होते.

संत निकोलाच्या दिवशी घर भरून गेलं. उपासाचा काळ, त्यात मांस वर्ज्य पण मासा चालतो, म्हणून तळलेला मासा आणि भाजलेल्या घेवड्याचा ताट भरून डोंगर. व्हॅक्यूम आणि मॉप बैठकीच्या खोलीत, देसांकाने विणलेल्या पांढऱ्या जाळीदार रुमालांखाली उभे होते. जिन्यात मोजे तपासले गेले. पांढरेशुभ्र!

"याला म्हणतात यंत्र," पाहुणे म्हणाले.

"निवड महत्त्वाची," तिहोमीर नम्रपणे म्हणाला. रिवाजाप्रमाणे यजमानाने त्या दिवशी बसायचं नसतं. तो सकाळपासून उभा होता आणि त्याच्या पायांची सगळ्यांना काळजी वाटत होती. देसांका कुठे दिसत नाही, हे झिवादिनच्या लक्षात आलं, ते मासा संपल्यावर. ती आतल्या खोलीत पलंगावर होती, पाय उशीवर. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. लाल अक्षरातली नव्हती, त्यामुळे समितीने हरकत घेतली नाही.

आपण इथवर वाचलंत आणि बहुधा हसलात. लोक कसले एकेक असतात, असंही म्हणालात. खुर्चीत आरामात बसून, हातात पुस्तक धरून, चहा पिऊन झाल्यावर हे म्हणणं सोपं जातं. आता एवढंच करा, जरा पाय वर घ्या. ती केव्हाची खाली थांबलीय. आपल्या खुर्चीखालचं पुसायचं राहिलंय.