चढ आला की उतरायचं

आमच्या सोसायटीत "काका, स्टेशनपर्यंत सोडता का?" असं कोणी विचारलं, की साळवे काका हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. ते आधी समोरच्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, "वजन किती?"

नवीन माणूस हसतो. त्याला वाटतं, काका गंमत करतायत. काका गंमत करत नसतात. उत्तर ऐकून ते मनातल्या मनात हिशेब करतात आणि निकाल देतात, "बस पुढे." किंवा, "रिक्षा बघ रे आज. टाकीत पेट्रोल जास्त आहे." दुसऱ्या मजल्यावरच्या शहाभाईंना तर त्यांनी एकदा तोंडावर सांगितलं, "तुम्ही नका, यार. तुम्ही एकटे बसलात तरी डबल सीट होते." शहाभाई आठवडाभर जिन्यात भेटले की भिंतीकडे बघत होते.

ही सगळी चौकशी ज्या गाडीसाठी, ती आठशे सीसीची, जुन्या कार्ब्युरेटरवाली, एके काळी पांढरी असलेली छोटी गाडी. साळवे काका मूळचे जालन्याकडचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागले आणि बोरीवलीचे झाले. प्रमोशन मिळालं तेव्हा त्यांनी ही गाडी घेतली. आमच्या इमारतीतली ती पहिली गाडी. ती गेटातून आत आली त्या संध्याकाळी आम्ही सगळी पोरं गॅलऱ्यांना लटकलो होतो. मंदाकाकूंनी बॉनेटवर झेंडूची माळ घातली आणि चारही मजल्यांवर पेढे वाटले. नंतर सोसायटीत किती गाड्या आल्या, त्या किती मोठ्या होत गेल्या आणि पार्किंगवरून किती भांडणं झाली, ते विचारू नका. काकांची गाडी मात्र आहे तिथेच आहे. काका स्वतः उंच आणि चांगले भरदार. ते आत बसले की माणूस गाडीत बसलाय असं वाटत नाही, माणसाने गाडी अंगात घातलीय असं वाटतं.

गाडीत दम नाही, हे त्यांना मान्य नाही. "दम भरपूर आहे, वैजू," ते मला सांगतात. "लोक वाया घालवतात."

दम वाया जाऊ नये म्हणून काकांनी नियम केलेत. गाडीला एसी आहे, पण तो फक्त उतारावर लागतो. सपाटीवर खिडकी, चढावर नुसता धीर, आणि दहिसरचा फ्लायओव्हर उतरायला लागलो की काका ऐटीत बटण दाबून म्हणणार, "घ्या, खा हवा!" ती हवा आपल्यापर्यंत पोहोचते तोवर फ्लायओव्हर संपलेला असतो. हॉर्न वाजवायला मनाई. हॉर्न वाजला की बॅटरी खर्च होते, ती भरायला इंजिन झटतं, आणि इंजिन तिकडे झटलं की इकडे पिकअप मरतो, अशी ती साखळी आहे. म्हणून काका खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून ओरडतात, "ओ भाऊ! सरका जरा!" लोक सरकतातसुद्धा. गाडीला नव्हे, त्या आवाजाला घाबरून.

आणि ब्रेक म्हणजे पाप. "मोमेंटम तोडायचा नाही!" हे वाक्य मी लहानपणापासून पाढ्यांपेक्षा जास्त वेळा ऐकलंय. मला कॉलेजला सोडताना त्यांनी एकदा गाडी थांबवलीच नाही. "मी हळू करतो, तू उतर," म्हणाले. मी उतरले, गाडीबरोबर चार पावलं धावले आणि मैत्रिणींच्या घोळक्यात जाऊन आदळले. चढ दिसला की सगळ्यांनी पुढे वाकून बसायचं, हाही नियमच. ही सवय आमच्या इमारतीतल्या माणसांची कायमची खोड झालीय. आजही ओला टॉवेल वाळत घातल्यासारखे आम्ही रिक्षात पुढच्या दांडीवर ओणवे होतो, आणि रिक्षावाला विचारतो, "तबियत ठीक है ना?"

मला या गाडीत कायम जागा मिळायची, कारण मी काटकुळी. लग्नाच्या बाजारात जे माझ्या वजाबाकीत गेलं, ते काकांकडे जमेला धरलं गेलं. गाडी चालवायलाही मला त्यांनीच शिकवलं, पण सपाट रस्त्यावर. चढावर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं.

राहिला शेवटचा नियम. चढ आला की उतरायचं. गाडी धापा टाकायला लागली की एकाने उतरून चालत वर जायचं आणि वर परत बसायचं. हा नियम सगळ्यांसाठी होता, पण पाळायच्या मंदाकाकू. काकांच्या हिशेबात बसणाऱ्यांत सगळ्यात जड त्याच.

काकूंच्या भाचीचं लग्न होतं ठाण्याला. घोडबंदर रोडने निघालो. गायमुखचा चढ आला, समोर ट्रॅफिक, मोमेंटमची वाट लागली. काका एवढंच म्हणाले, "मंदा." काकूंनी पदर खोचला, आहेराची पिशवीही बरोबर घेतली, "तेवढंच हलकं," म्हणाल्या, आणि ठेवणीतल्या साडीत चालायला लागल्या. आम्ही इंच इंच सरकत वर पोहोचलो, तर काकू चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसलेल्या, हातातला कप निम्मा रिकामा.

"आलात?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मुलगी सासरी गेल्यावरच पोहोचताय."

काकांनी बॉनेटला हात लावून बघितला आणि समाधानाने म्हणाले, "गरम नाही झाली."

हा किस्सा कोजागिरीला गच्चीवर दरवर्षी निघायचा. काका उभे राहून साभिनय सांगायचे, आणि सगळ्यांत जास्त काकूच हसायच्या. मला आठवतात त्या कोजागिरी, दुधाचं पातेलं, आणि काकूंचं डोळ्यांत पाणी येईपर्यंतचं हसणं. ते दिवस फार चांगले होते, आणि ते चांगले आहेत हे तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नव्हतं.

मग काकूंचे गुडघे गेले. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलत. हळूहळू त्या गाडीत बसेनाशा झाल्या. मला वाटलं, दोघांचं काही बिनसलंय. एकदा भाजी निवडताना विचारलं, तर काकू सहज म्हणाल्या, "अगं, चढाला उतरता येत नाही आता मला. मग त्यांच्या गाडीला उगाच भार कशाला?" त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.

यात एक गोष्ट अडली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून दोघं बुद्धपौर्णिमेला कान्हेरीला जात. नॅशनल पार्क आमच्या मागेच, पण लेणी डोंगरात. आधी मिळेल त्या बसने आणि पायी जायचे, गाडी आल्यावर गाडीने. म्हणजे काका गाडीने. शेवटचा मोठा चढ लागला की काकू उतरायच्या. गुडघे गेल्यावर लागोपाठ दोन पौर्णिमा चुकल्या. काकूंनी घरीच वंदना म्हटली, खीर केली, शेजारी वाटली. एवढंच म्हणाल्या, "लेण्याच्या पायऱ्या राहू देत. खाली झाडाजवळ बसून म्हटलं असतं, तरी चाललं असतं."

तिसऱ्या वर्षी पौर्णिमेच्या आधी काकांनी गाडी सोलायला घेतली.

पहिल्यांदा स्टेपनी आणि जॅक निघाले. मग मागची सीट. मग स्पीकर, पायांखालची रबरं, मागच्या काचेखालची फळी. घरातल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू चढत होती आणि मग गॅलरीत जात होती. प्लग घासले, कार्ब्युरेटर उघडून धुतला, हवा भरली. वॉचमन दोन दिवस हे बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "काका, अब इंजन भी निकाल दो. एकदम हल्की हो जाएगी."

मी खाली गेले. "काका, हे काय चाललंय?"

"मंदाचं वजन काढतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे मंदाएवढं सामान कमी केलं, की मंदा बसूनच वर जाईल ना. कान्हेरीला." त्यांनी पाना पुसला. "या वेळी उतरायचं काम नाही."

मी म्हटलं, टॅक्सी करून देते. काकांनी परत गाडीत डोकं घातलं. वरून गॅलरीतून काकूंनी हाक मारली, "वैजू, नको गं. करू दे त्यांना."

पौर्णिमेला सकाळीच निघालो. काका पांढऱ्या शर्टात, काकू पांढऱ्या साडीत. काकूंचे पाय एकेक करून काकांनी स्वतः आत ठेवले. सामान अर्थातच गाडीत नाही. खिरीचा डबा, फुलं, मेणबत्त्या, काकूंचं घडीचं स्टूल, सगळं माझ्या स्कूटरवर. मी मागून चालले होते. पार्कातला रस्ता गाडीने मजेत कापला. मागच्या काचेतून मला दोन डोकी दिसत होती, एक पांढरं, एक अंबाड्याचं, दोन्ही पुढे झुकलेली.

शेवटचा चढ काकांनी लांबूनच पकडला. गाडी कधी नव्हे ती गुरगुरत वर निघाली. निम्मा चढ झाला. मला तर वाटलं, जमलं! आणि वळणावर रस्त्याच्या मधोमध माकडांचं अख्खं कुटुंब पंगतीला बसावं तसं बसलेलं.

"ओ भाऊ! सरका!" काकांचा हात बाहेर आला. माकडांनी हाताकडे बघितलं. कोणी हललं नाही. काकांना ब्रेक मारावा लागला, आणि गाडी बंद पडली.

पुन्हा सुरू केली, तर पुढे जाण्याऐवजी मागे सरकली. मी धावत जाऊन चाकाखाली दगड लावला. काकांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा केला. क्लचचा जळका वास सुटला. मागे गाड्या जमल्या, त्यांना हॉर्नची मनाई नव्हती.

काकूंचा हात दाराकडे गेला. दार उघडून त्यांनी एक पाय बाहेर टेकला आणि ओठ घट्ट मिटले. "चालते मी. थोडंच राहिलंय."

"बस तू," काका म्हणाले.

"अहो, मागे लोक..."

"मंदा, पाय आत घे." त्यांनी हँडब्रेक ओढला आणि स्वतःचं दार उघडलं. "वैजू, ये. तू चालव."

"मी? चढावर?"

"सगळ्यात जड मीच आहे," काका म्हणाले. ते उघड्या डोळ्यांना कोणालाही दिसत होतं. पण ड्रायव्हरचं वजन धरायचं असतं, हे इतक्या वर्षांत कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, त्यांच्याही.

स्कूटर कडेला लावली. माकडांचा डोळा खिरीवर, म्हणून काकांनी खीर-फुलांची पिशवी एका हातात घेतली, स्टूल दुसऱ्या हातात. मी बसले. ते खिडकीशी वाकून सांगत होते, "रेझ कर. क्लच सावकाश. सावकाश... सोड! थांबायचं नाही, मागे बघायचं नाही!"

गाडी उचलली. माकडं कंटाळून आपणच उठून गेली होती. काकूंनी हात वर करून आतला आरसा स्वतःकडे वळवला.

"काकू, मला मागचं दिसत नाही."

"तुला मागे बघू नकोस म्हणून सांगितलंय ना?" त्या म्हणाल्या. मग सबंध चढभर त्या आरशातच बघत होत्या. एकदा पुटपुटल्या, "टोपी घालून यायला काय झालं होतं."

वर झाडाच्या सावलीत गाडी लावली. पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं पायऱ्यांकडे चालली होती, ओळखीचे लोक "जय भीम, ताई" म्हणत होते. काकू दार उघडं टाकून वळणाकडे तोंड करून बसल्या. बराच वेळ झाला. मी म्हटलं, "खाली जाऊन बघू का?"

"येतील. मध्ये एक सपाट तुकडा लागतो, तिथे सावली आहे. तिथे थांबले असतील," काकू म्हणाल्या. "मी तिथेच थांबायची."

काका आले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता, चेहरा लाल झाला होता. पिशवी आणि स्टूल हातांत तशीच. गाडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. काकूंसमोर येऊन उभे राहिले. बोलायला श्वास नव्हता.

"मंदा," जरा वेळाने ते म्हणाले, "एवढा चढ आहे होय गं हा?"

काकूंनी पदर हातात घेतला.

"आणि तू दरवर्षी..."

"उन्हात जास्त वाटतो," काकू म्हणाल्या. पदराने त्यांचं कपाळ टिपलं, पिशवी काढून घेतली. "बसा आधी."

काकांनी स्टूल उघडलं आणि गाडीच्या दाराशी, काकूंच्या पायांजवळ बसले. त्यांनी काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी फुलं सोडायच्या निमित्ताने बाजूला झाले, कारण मला रडू आलं होतं.

वर लेण्यात वंदना सुरू झाली. काकूंनी हात जोडले. काकांना हात जोडायचे तर गुडघ्यावरचा उचलावा लागला असता. त्यांनी तो तसाच ठेवला आणि काकूंच्या आवाजात आवाज मिसळून म्हणायला लागले.